मुदतीचा अर्ज

आज पुन्हा सरांसाठी मुदतीचा अर्ज लिहिला:
'अर्जदाराचे वकील परगावी असल्याने
न्यायाच्या दृष्टीने पुढील तारीख मिळावी.'
परगावी म्हणजे वरच्या मजल्यावर,
दुसऱ्या कोर्टात उलटतपास घेत होते.
तारीख मिळाली. परभणीत तारीख मिळतेच.

असाच एक अर्ज मी रोज माझ्याकडेच करते
आणि मीच मंजूर करते.
दिवाळी होऊ दे.
उरूस होऊ दे, सरांकडे पाहुणे असतात.
त्यांच्या मुलीचं लग्न होऊ दे.
लग्न झालं. पाचशे एकाचा आहेर मीही केला.
मग म्हटलं, आत्ताच कसं,
खर्चात असतील.

महिना तीन हजार.
त्यातले बावीसशे मेसवाल्या काकूंचे.
जिंतूर रोडच्या खोलीत आम्ही तिघी,
काळा कोट मामेबहिणीचा,
बाह्या दोन बोटं लांब.
'शिकायला मिळतंय,' मी फोनवर सांगते.
आई म्हणते, 'शिकवणीची फी तर घेत नाहीत ना?'

सोमवारी सरूबाई रणेर आल्या.
पाथरीकडच्या शाळेत चौदा वर्षं खिचडी शिजवतात.
त्यांचा दावा मी लिहिला.
विनंती कलमात लिहिलं: मागील फरक, व्याजासह,
आणि न्यायालयास योग्य वाटेल ती इतर दाद.
हात कुठेच अडला नाही.
आकडा दोनदा तपासला, तो मला कमीच वाटला.
अंगठा नको म्हणाल्या,
एकेक अक्षर बसवत सही केली,
पेनाला टोपण लावलं आणि विचारलं,
'ताई, तुमाला किती देतेत हो हितं?'

'आठ,' मी म्हटलं.
शपथेवर नव्हते, एवढंच.
'मग बरंय,' त्या म्हणाल्या.
त्यांच्या 'बरंय'नं मला रात्रभर झोप नाही.

उठून अर्ज लिहिला.
अर्जदार: मी.
'गैरअर्जदार' लिहून खोडलं,
'आदरणीय सर' केलं.
'रक्कम रुपये' लिहिलं
आणि पुढे नुसती टिंबं देत गेले, ओळ संपेपर्यंत.

कय्यूमभाई निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचून देतात.
पानाचा दर ठरल्याशिवाय
चष्मा डबीतून बाहेर येत नाही.
त्यांना विचारलं, कधी मागू?
म्हणाले, 'केस जिंकलेल्या दिवशी नको,
त्या दिवशी सगळं साहेबांनीच केलेलं असतं.
हरलेल्या दिवशी तर बोलूच नका.
फाईल सापडत नसंल
आणि ती कुठाय हे फक्त तुम्हाला ठाऊक असंल,
तो दिवस.'
आणि माझ्याच पैशाचा चहा प्यायले.

गुरुवारी गुळखंडे विरुद्ध गुळखंडे.
दोन भाऊ, एक विहीर,
खासरा पत्रकाची एकच नक्कल,
आणि ती सापडेना.
सर कपाटात, टेबलाखाली,
कारकुनाच्या सात पिढ्यांत शोधत होते.
मला माहीत होतं.
कूलरचं पाणी गळत होतं म्हणून
मीच ती वेगळ्या बस्त्यात बांधली होती, मेमध्ये.

खरं सांगते, दोन मिनिटं मी गप्प उभी राहिले.
या दोन मिनिटांचा उल्लेख कुठल्याच रोजनाम्यात नाही.
मग बस्ता सोडला, फाईल पुढे ठेवली.
'अगं, तू होतीस म्हणून,' सर म्हणाले.
वाक्य तिथेच सोडून त्यांनी घाम पुसला.

'सर, माझं एक म्हणणं होतं.'
'तोंडी का लेखी?'
सवयीनं विचारलं त्यांनी.
मी कोटाच्या खिशातून घडी काढली.
लांब बाहीमुळे हात दिसत नव्हता,
नुसता कागदच पुढे गेला असणार.

त्यांनी उभ्याउभ्या वाचलं.
टिंबांवर बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
'आकडा राहिला,' म्हणाले,
आणि आपलं पेन माझ्याकडे केलं.

पेन जड होतं.
बाहेर शिपाई कुणाचं तरी नाव पुकारत होता,
तिसऱ्यांदा.